शाळा बंद, क्लबहाउस चालू

नमस्कार बाई,

माझी मुलगी पाच वर्षांची, मोठ्या गटात आहे. आषाढीच्या आधीच्या शुक्रवारी शाळेत दिंडी होती आणि ती रुक्मिणी होणार होती. नऊवारी, नथ, मुंडावळ्या, सगळं भाड्याने आणलं होतं. सकाळी उठली तर अंग कोमट. थर्मामीटरवर शंभरच्या जरा वर. त्या दिवशी माझ्या ऑफिसात ऑडिट होतं आणि ही आठवडाभर कमरेवर हात ठेवून घरभर उभी राहत होती. मी पॅरासिटामॉलचं सिरप दिलं आणि पाठवली. रविवारी तळहातांवर, तळपायांवर लाल फोड आले, तोंडातही आले. डॉक्टर म्हणाले, हँड-फूट-माउथ. तेव्हापासून ती घरीच आहे. आता ताप नाही, फोड सुकलेत. त्या गडबडीत नऊवारी परत करायची पण राहिली.

बुधवारपासून वर्गातलं एकेक मूल पडायला लागलं. आठ-नऊ झाली तेव्हा शाळेने लहान आणि मोठा गट पाच दिवस बंद ठेवला. आता पालकांच्या ग्रुपवर ‘हे आणलं कोणी’ याचा शोध चालू आहे. विठोबा झालेल्या मुलाची आई म्हणते, माझ्या मुलाला दिंडीच्या दुसऱ्याच दिवशी, शनिवारी पुरळ आलं, म्हणजे दिंडीतच लागलं. माझी मुलगी त्याचाच हात धरून उभी होती. मी गप्प आहे. रात्री झोप लागत नाही.

नवरा म्हणतो, शाळा बंद करणं हे नाटक आहे, सगळी पोरं सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये खेळतायतच. तिथे एका ताईंनी या पाच दिवसांपुरती ॲक्टिव्हिटी सुरू केलीय, दहा-बारा मुलं आहेत. मलाही विचारलंय आणि खरं सांगते, माझी रजा संपलीय. तिकडे आई म्हणते, शाळा बंदच आहे तर पंचमीपर्यंत माहेरी येऊन राहा. माहेर वाळवा तालुक्यात. वहिनीचं बाळ नऊ महिन्यांचं आहे. काय करू? ग्रुपवर सगळं सांगून टाकू का?

– रुक्मिणीची आई, पुणे

*

रुक्मिणीच्या आईस,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकदा तुमची बाजू धरून, एकदा त्या विठोबाच्या आईची. मग कॅलेंडर काढून बसले.

या आजारात लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सहा दिवस जातात. विठोबाला शनिवारी पुरळ आलं. म्हणजे त्याला ते शुक्रवारी लागलेलं नाही, त्याच आठवड्याच्या सुरुवातीला कधीतरी लागलं. तुमच्या लेकीचा तापही शुक्रवारचा, म्हणजे तिचीही लागण त्याच सुमाराची. दोघांना बहुधा एकाच तिसऱ्याकडून मिळालं. तो तिसरा कदाचित आजारी दिसलाच नसेल. पुष्कळ मुलांना आणि जवळजवळ सगळ्या मोठ्या माणसांना या विषाणूने फारसं काही होत नाही, पण ती तो पसरवत मात्र असतात. ‘आणलं कोणी’ या प्रश्नाला उत्तरच नाही. ग्रुपवर तीन दिवस ज्याचा शोध चाललाय तो आरोपी एखादी खेळण्यातली आगगाडीसुद्धा असू शकेल.

हे वाचून सुस्कारा टाकला असेल तर जरा थांबा. बुधवारपासून जी मुलं पडली त्यांचा हिशेब शुक्रवारशी चोख जुळतो. ती सगळी तुमच्या मुलीमुळे पडली असं कुणी म्हणू शकणार नाही, विठोबाही त्याच रांगेत होता. पण त्यातली एक-दोन तिच्यामुळे नसतील असंही मी म्हणणार नाही. दिंडी म्हणजे काय ते मला माहीत आहे. फुगडी, हात धरून रिंगण, टाळांची एकच जोडी सतरा हातांत, आणि शेवटी बोटांनी खाल्लेला राजगिऱ्याचा लाडू. अंगात ताप असताना पाठवायला नको होतं. हे तुम्हालाही त्याच सकाळी, सिरपचं बूच उघडतानाच कळलं होतं, म्हणून तर झोप येत नाहीये.

आता माझं ऐका. मी तेहतीस वर्षं प्राथमिक शाळेत काढली, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापिका म्हणून. आमच्या शिक्षकखोलीत एक शब्द होता, ‘सिरपची मुलं’. सकाळी आठला टवटवीत यायची. साडेअकराच्या सुमाराला कान लाल व्हायचे, मान बाकावर जायची, डबा तसाच राहायचा. हात लावला की चटका. आईला फोन केला की ती म्हणायची, अहो बाई, सकाळी तर काहीच नव्हतं. आम्हीही मान डोलवायचो. कारण तिच्याकडे रजा नाही हे आम्हाला ठाऊक असायचं. आणि दुसरं असं की त्या मुलाला शाळेत खेचून आणणारी मीही होतेच. वर्षभर एकही दिवस न चुकवणाऱ्याला गॅदरिंगमध्ये बक्षीस. कंपासपेटी आणि प्रमाणपत्र, माझ्या सहीचं. कांजण्यांच्या खपल्या पुरत्या पडल्याही नसताना लांब बाह्यांचा शर्ट घालून आलेला एक तिसरीतला मुलगा मला अजून आठवतो. त्याला ती कंपासपेटी मिळाली. मी दिली.

ते बक्षीस मी 2009 मध्ये बंद केलं. पुण्यात राहता म्हणजे तो ऑगस्ट घरच्यांकडून ऐकला असेल. 3 ऑगस्टला स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू झाला तो आपल्या गावात, आणि गेली ती चौदा वर्षांची शाळकरी मुलगी. दोन-चार दिवसांत शहराचा चेहरा बदलला. नायडू हॉस्पिटलबाहेर तपासणीसाठी रांगा, औषधांच्या दुकानांत मास्क संपलेले, तोंडाला रुमाल बांधून लक्ष्मी रोडवर फिरणारी माणसं. शाळा बंद झाल्या. मग मुंबईतही शाळा-कॉलेजं सात दिवस आणि थिएटरं तीन दिवस बंद ठेवली. मी आमच्या फाटकावर स्वतः सूचना चिकटवली आणि मनात म्हटलं, चला, आपलं काम झालं.

तिसऱ्या दिवशी भाजी आणायला निघाले तर शाळेमागच्या गल्लीत एका दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं आणि उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग. लहान मापाच्या चपला. वाकून बघितलं. एका खासगी क्लासची स्कॉलरशिपची तयारी चालली होती. दहा बाय बाराच्या खोलीत आमच्या चौथीतली निम्मी मुलं मांडीला मांडी लावून बसलेली, पंखा बंद, खिडकी नाहीच. माझ्या वर्गात निदान चार खिडक्या होत्या! शाळा बंद करून मी त्या मुलांना मोठ्या खोलीतून छोट्या खोलीत पाठवलं होतं, एवढंच.

तुमच्या नवऱ्याचं म्हणणं म्हणून निम्मं बरोबर आहे. त्यांना जे दिसलंय ते खरं आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकलाय. शाळा बंद केल्याने साथीला चाप बसतो, हे फ्लूच्या बाबतीत लख्ख दिसलेलं आहे. त्याच 2009 मध्ये ब्रिटनमध्ये जुलैच्या शेवटी शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागली तसे रुग्ण उतरले आणि सप्टेंबरात शाळा उघडल्यावर पुन्हा चढले. फ्लूमध्ये अंगात ताप यायच्या आदल्या दिवशीच मूल तो वाटायला लागतं, त्यामुळे ‘आजारी मुलाला घरी ठेवा’ एवढ्याने भागत नाही. तिथे सगळ्यांनाच थोडे दिवस लांब करावं लागतं आणि तेही लवकर. निम्मा वर्ग झोपल्यावर फाटकाला कुलूप लावणं म्हणजे बैल गेला नि झोपा केला.

पण याची उलट बाजूही आहे आणि ती मला जास्त जवळची वाटते. 1918 च्या इन्फ्लुएन्झात अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या शहरांनी शाळा बंद केल्या, न्यू यॉर्कने केल्या नाहीत. तिथले आरोग्य आयुक्त रॉयल कोपलंड यांचा हिशेब असा होता की शहरातली सुमारे 10 लाख शाळकरी मुलं, त्यातली बहुतेक दाटीवाटीच्या चाळींत राहणारी. ती घरी बसली तर अंधाऱ्या खोल्यांत आणि गल्लीत असणार, शाळेत आली तर रोज सकाळी कुणीतरी त्यांच्याकडे बघणार. म्हणून रोज तपासणी, आणि आजारी दिसलं ते मूल वेगळं करून घरी. हे बरोबर होतं की चूक यावर अभ्यासक आजही भांडतात. मला त्यातलं आवडतं ते इतकंच की त्या माणसाने ‘शाळा बंद केल्यावर मुलं जातील कुठे’ हा प्रश्न आधी विचारला.

तो प्रश्न न विचारल्याची किंमत आपण नंतर मोजली. मार्च 2020 मध्ये पुण्यातल्या शाळा बंद झाल्या, पहिलीचा वर्ग उघडायला डिसेंबर 2021 उजाडला आणि जानेवारीत पुन्हा कुलूप. मी तेव्हा निवृत्त होते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा नातू पहिली न बघताच दुसरीत गेला. घरात फोन एक, तो मावशींबरोबर कामावर. मी त्याला ओट्याशेजारी बसवून बाराखडी शिकवली. शाळेतली खिचडी बंद झाली ती वेगळीच, त्याऐवजी कोरडा तांदूळ आणि डाळ मिळायची, तीही रांगेत उभं राहिल्यावर. सुरुवातीला बंद ठेवणं मला पटलं होतं, शेवटचं वर्ष अजिबात पटलं नाही.

तुमच्या शाळेचं काय? माझं मत विचाराल तर हँड-फूट-माउथसाठी अख्खी शाळा बंद करायची गरज सहसा नसते. आजारी मूल घरी, खेळणी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने पुसलेली, आणि डब्याआधी नि शू-शीनंतर साबणाने हात, एवढ्यावर वर्ग चालू राहतो. पण चार-पाच वर्षांची मुलं, एकच खोली, एकच संडास आणि आठवड्यात आठ-नऊ आजारी म्हटल्यावर पाच दिवस बंद ठेवणं मला आततायीपणा वाटत नाही. सिंगापूरने 2000 सालच्या साथीत सगळ्या बालवाड्या बंद केल्या होत्या. तुमच्या शाळेने फक्त दोन गट बंद केले, पहिलीपासून पुढचे वर्ग चालू ठेवले. कुणीतरी डोकं लावलेलं दिसतंय. पाच दिवसही हवेतून काढलेले नाहीत, ज्यांच्या अंगात आजार शिरलाय ती बहुतेक मुलं तेवढ्यात दिसून येतात.

म्हणून क्लबहाउसमधली ॲक्टिव्हिटी नको. तुमच्या मुलीला त्रास होईल म्हणून नव्हे, तिचं बहुतेक झालंय. (बहुतेक म्हणते, कारण हा आजार करणारे विषाणू एकाहून जास्त आहेत, एकदा झाला म्हणजे पुन्हा होणारच नाही असं नाही.) पण शाळेत एका वर्गाची मुलं एकत्र होती. क्लबहाउसमध्ये चार शाळांची मुलं, त्यांची धाकटी भावंडं, रांगणारी सुद्धा, आणि सगळ्यांचे हात एकाच प्ले-डोमध्ये. शाळेने जे मोडलं ते तिथे आणखी मोठं करून जोडलं जातंय. त्या ताईंचा हेतू चांगला आहे यात शंका नाही, त्याही कुणातरी नोकरीवाल्या आईची अडचण बघूनच पुढे आल्या असतील. त्यांना एवढं जरूर सांगा की मुलांना मोकळ्या पटांगणात, सुट्टं-सुट्टं खेळवा, खेळणी आणि डबे वाटून घेऊ देऊ नका, आणि दाराशी सॅनिटायझर ठेवून निर्धास्त होऊ नका. या विषाणूवर सॅनिटायझर फारसा चालत नाही. साबण आणि वाहतं पाणी, वीस-पंचवीस आकडे मोजेपर्यंत.

मग मुलीला ठेवायचं कुठे? तुमच्या पत्रात नवऱ्याचं मत आहे, त्यांची रजा कुठे दिसली नाही. पाच दिवसांतले दोन त्यांचे. शाळा बंद करणं नाटक वाटत असेल तरी घरातलं मूल नाटक नाही, त्याला बाराला वरण-भात लागतो. उरलेल्या तीन दिवसांसाठी एखादं असं घर बघा जिथलं मूल याच आजारातून नुकतंच उठलंय. दोन घरं, दोन मुलं, तीच जोडी तिन्ही दिवस. आज या घरी, उद्या त्या घरी, पण तिसरं मूल त्यात घ्यायचं नाही. आमच्या वाड्यात गोवर-कांजण्यांच्या दिवसांत बायका असंच करायच्या, फक्त त्याला कुणी नाव दिलं नव्हतं.

कदाचित ते घर विठोबाचंच निघेल. त्याच्या आईला फोन करा. ग्रुपवर लिहू नका. ग्रुपवरची कबुली म्हणजे चावडीवर उभं राहणं, तिथे ज्यांचा काही संबंध नाही ते दहा जण आधी बोलतात. आधी वर्गताईंना सांगा, की शुक्रवारी सकाळीच तिला ताप होता आणि मी औषध देऊन पाठवलं, माझं चुकलं. त्यांना ती तारीख हवी असते. कोण कधी आजारी पडलं याची वही नीट असेल तर वर्ग कधी उघडायचा ते ठरवता येतं. मग विठोबाच्या आईला. तिथे माझं कॅलेंडर लगेच उघडून बसू नका. पहिल्याच वाक्यात ‘तुमच्या मुलाला माझ्या मुलीमुळे झालेलं नाही’ म्हणालात तर तो खुलासा उरतो, माफी होत नाही. आधी विचारा, कसा आहे तो, खातोय का. मग तुमचं सांगा. तारखांचं शेवटी, तेही तिने विचारलं तर. ती चिडली तर चिडू द्या, आठवडाभर तोंड आलेल्या मुलाला चमच्याने गार दूध पाजलंय तिने.

माहेरी आत्ता जाऊ नका. तुमच्या लेकीचा संसर्गाचा जोर पहिल्या आठवड्यात होता, तो सरला. पण शौचातून हा विषाणू पुढे काही आठवडे जात राहतो आणि पाच वर्षांच्या मुलीचं हात धुणं म्हणजे नळाखाली बोटं दाखवणं. नऊ महिन्यांचं बाळ जे हाताला लागेल ते तोंडात घालतं. त्याचं तोंड आलं तर ते दूध ओढणार नाही, आणि एवढ्या लहान मुलाच्या अंगातलं पाणी पटकन कमी होतं. आईला सांगा, पंचमीला येते, आदल्या दिवशी संध्याकाळी. झोका तेव्हाही टांगलेलाच असेल. गेल्यावर लेकीचा टॉवेल वेगळा, पेला वेगळा, संडासला तिच्याबरोबर तुम्ही जायचं आणि साबण तुम्ही लावायचा. बाळाचे पापे घेणं या खेपेला नाही, लांबून टाळ्या वाजवायच्या. वहिनीला आधीच सगळं सांगा आणि ती नको म्हणाली तर मनात राग धरू नका. तिच्या जागी मीही नकोच म्हटलं असतं.

ग्रुपवर लिहायचंच असेल तर उपयोगाचं लिहा. ज्यांच्या घरी आत्ता आजार आहे त्यांना सांगा: गार, गिळायला सोपं द्या, ताक, पेज, दूध. आंबट आणि तिखट नको. ॲस्पिरिन मुलांना मुळीच देऊ नका. सहा-आठ तास लघवी झाली नाही, ताप तीन दिवसांपुढे गेला, सारख्या उलट्या होतायत, मूल गुंगीत आहे किंवा झोपेत दचकून हातपाय झटकतंय, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरकडे. आणखी एक गोष्ट सहसा कुणी आधी सांगत नाही आणि मग आया घाबरून जातात. महिना-दीड महिन्याने काही मुलांची नखं मुळापासून सुटून येतात. तुमच्या लेकीचीही येतील कदाचित. दुखत नाही, खालून नवीन येतात.

आणि ती नऊवारी. साबणाच्या पाण्यात भिजवून, नीट धुऊन, या पावसात वाळणार नाहीच तेव्हा गरम इस्त्री फिरवून मगच दुकानात द्या. नथीलाही साबण लावा. उशिराचा दंड मागतील, तो भरा.